भोईवाड्याच्या फळ्यावरची मयत

रविवारी सकाळी परळच्या भोईवाड्यातील एका चाळीच्या वार्ताफलकावर तुकाराम परब यांच्या निधनाची बातमी लागली. बातमी खोटी होती. ती लिहिण्यासाठी फलकावरची आधीची सूचना पुसण्यात आली. ती सूचना त्याच संध्याकाळच्या सभेची होती आणि त्या सभेत चाळीच्या पुनर्विकासाचा करारनामा मंजुरीला येणार होता.

मी तेव्हा मुंबईत होते. मुंबईतील वार्ताफलक हा माझ्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय आहे. सांगलीत एका दैनिकाच्या डेस्कवर काही वर्षे काढल्यावर मी पत्रकारितेच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातले. वर्गातले बहुतेक प्रबंध दोन-तीन दैनिकांच्या तुलनेवर असतात. मला चाळीच्या तोंडाशी टांगलेला फळा हवा होता. तो रोज सकाळी पुसला जातो आणि रोज नव्याने लिहिला जातो. त्याची नोंदणी नसते, त्याला संपादक नसतो, आणि तरी लोक कामाला जाताना त्याच्यापुढे थांबतात. मार्गदर्शक सर म्हणाले होते, "बघा, जमलं तर." ही त्यांची मंजुरी होती.

गिरगाव, गुरुवार

मामीकडे उतरले. तिचे घर खोताच्या वाडीपासून दोन गल्ल्या सोडून आहे. तिने आधी मी आणलेली भडंगाची पिशवी उघडली, मूठभर तोंडात टाकले आणि मग विषय विचारला.

"फळ्यावर एम.ए.? शाळेत तुला फळ्यासमोर उभं केलं की रडायचीस, सुजे. आता त्याच्यावर पदवी घेणार?"

तिच्या चाळीचा फळा नीलेश लिहितो. तो चार्टर्ड अकाउंटंट आहे, वय चाळिशीच्या आत. मी फोटो काढू लागले तर त्याने हात आडवा केला. 'सुविचार' मधल्या 'सु'चा उकार त्याला पसंत नव्हता. तो बोटाने पुसून त्याने पुन्हा काढला, दोन पावले मागे जाऊन पाहिला आणि म्हणाला, "हां, आता मार."

गिरगावच्या या फळ्यावर सुविचार, क्रिकेटचा स्कोअर, स्थळे आणि हरवलेल्या चाव्या असतात. "पुनर्विकास वगैरे आम्ही इथे आणत नाही," नीलेश म्हणाला. "ते आणलं की भांडणं. बोर्ड कसा क्लीन पाहिजे."

मग त्याने मला साबुदाणा वडा आणि पियूष खायला नेले. गुरुवारचा त्याचा उपवास होता. उपवासाच्या नावाखाली त्याने जे खाल्ले, त्यात आमच्याकडे दोन माणसे जेवतात.

आमच्याकडे फळा नाही, फ्लेक्स आहे. वाढदिवस, निवड, निधन, सगळे एकाच आकाराचे आणि एकाच छापखान्यातले. खाली शुभेच्छुकांचे किंवा शोकाकुलांचे फोटो असतात आणि अनेकदा तीच माणसे दोन्हीकडे असतात. फ्लेक्सला खर्च लागतो, त्यामुळे कोणाचे मरण चौकात लागायचे हे खिसा ठरवतो. फळ्याला खडू पुरतो. हा फरक मी त्या रात्री टिपणात कौतुकाने लिहिला. खडू कोणाच्याही हातात असू शकतो, ही त्याची दुसरी बाजू तेव्हा लिहायची राहिली.

लालबाग, शुक्रवार

लालबागचा फळा पाहायला मसाल्याच्या गल्लीतून जावे लागते. दोन्ही बाजूंना मिरच्यांचे ढीग आणि मागे मसाला कुटणारे डंख सुरू. संदीप नावाचा मंडळाचा कार्यकर्ता तिथे भेटला. तो कुरिअर कंपनीत काम करतो आणि सकाळी फळा लिहितो. मी पहिला प्रश्न विचारला आणि शिंकले. दुसरा विचारताना पुन्हा शिंकले. तिसरा प्रश्न पूर्ण झालाच नाही.

"सांगलीच्या ना तुम्ही?" तो म्हणाला. "आणि मिरचीला शिंकता? मॅडम, तिकडे काय गोड खाता काय?"

मुलाखत गल्लीबाहेर झाली. मी विचारले की फळ्यावर सर्वांत वर काय जाते.

"मयत. त्याच्यात चर्चाच नाही. उद्या आपण वर्ल्डकप जिंकलो ना, तरी आधी मयत. वाडीत कोण गेलं की सगळा बोर्ड पुसायचा, फक्त तेवढंच लिहायचं. आणि त्या दिवशी वाडीत कार्यक्रम बंद. हळदीकुंकू बंद, मीटिंग बंद, कॅरम पण बंद."

"आणि लिहिणारा घरी नसेल तर?"

"तर ज्याला कळलं तो लिहील. खडू तिथंच असतो. मयताला कोण थांबवून ठेवतं?"

ही पद्धत लालबागपुरती नाही, परळमध्येही तीच आहे, असे त्याने सांगितले. दुसऱ्या दिवशी ती मला भोईवाड्यातही ऐकायला मिळाली आणि तिसऱ्या दिवशी पाहायला मिळाली.

भोईवाडा, शनिवार

भोईवाड्याच्या फळ्याची लेखिका शुभांगी. एका कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी, माहेर-सासर दोन्ही सिंधुदुर्गातले, सासरे गिरणीत होते. सासूबाईंनी घावणे आणि काळ्या वाटाण्याचे सांबार पुढे ठेवले आणि मी नको म्हणायच्या आत दुसरा घावणा वाढला. "खा गो. लिवन लिवन पोट भरता काय?"

त्या सकाळी फळ्यावर शुभांगीने लिहिलेली सूचना मी उतरवून घेतली आहे: "सर्वसाधारण सभा. रविवार, सायंकाळी सहा, पटांगण. विषय: पुनर्विकासाचा करारनामा. करारनाम्याची प्रत वाचल्याशिवाय कोणीही सही करू नये."

शेवटच्या वाक्यावरून वाद झालेला होता. चाळ समितीचे सेक्रेटरी मोहनराव यांना ते वाक्य नको होते. शुभांगीने त्यांना सांगितले, "प्रत द्या, मग पुसते." प्रत कोणालाच मिळालेली नव्हती. नव्या इमारतीत कोणाला किती जागा, ती तयार होईपर्यंत राहायचे कुठे आणि काम रखडले तर जबाबदार कोण, हे सगळे त्या कागदांत होते. सही आधी करायची आणि कागद नंतर पाहायचे, असा समितीचा आग्रह होता. माणूस साधा फ्रिज घेतानाही एवढा विश्वास टाकत नाही.

चाळीतली निम्मी बिऱ्हाडे आता विरार, डोंबिवली, बदलापूरला राहतात. खोल्या इथे, माणसे तिथे. त्यांना खबर मिळते ती फळ्याच्या फोटोवरून. चाळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, पण तिथे फक्त समितीचे लोक लिहू शकतात आणि काही दिवसांपासून ते सुप्रभातच लिहीत होते. फळ्याचा फोटो मात्र जो तो आपापल्या नातेवाइकांना पाठवतो. लोक म्हणतात, "बोर्डावर आलं का? मग खरं."

वरळी कोळीवाडा, रविवार सकाळ

शुभांगी दर रविवारी मासळीला वरळी कोळीवाड्यात जाते. "चला माझ्याबरोबर, तुमच्या सांगलीत काय मिळणार," म्हणून तिने मलाही नेले. अरुंद बोळ, दोन्हीकडे वाळत घातलेले बोंबील, पलीकडे होड्या. तिने बांगडे निवडले, गालफडे उघडून पाहिली, भाव पाडला, आणि कोळीण ते पिशवीत टाकणार तेवढ्यात शुभांगीचा फोन वाजला. नणंदेने डोंबिवलीहून फळ्याचा फोटो पाठवला होता.

"दुःखद निधन. श्री. तुकाराम (अण्णा) परब, दुसरा मजला, यांचे गावी निधन झाले. चाळीतील आजचे सर्व कार्यक्रम रद्द."

शुभांगीने बांगडे परत ठेवले. चाळीत मयत असली की तिच्या घरी मासळी शिजत नाही.

"काय गो, एवढा वेल बोट लावून आता सोडतेस?" कोळीण म्हणाली. "सकालधरनं बोनी नाय माझी."

"आमच्याकडे मयत झालीय, मावशी."

कोळिणीने बांगड्यांवर पाणी मारले.

अण्णा परब निवृत्तीनंतर कुडाळजवळ गावी राहतात. खोली त्यांच्या नावावर आहे. मागच्या सभेत उभे राहून "प्रत खंय आसा?" असे विचारणारे तेच होते. शुभांगी सून म्हणून चाळीत आल्यापासून ते तिला लेकीसारखे वागवतात. ती बोळात एका ओट्यावर बसली.

मी फोटो पुन्हा पाहिला. अक्षर तिचे नव्हते. डेस्कवर एक नियम होता: निधनाची बातमी घरच्यांशी बोलल्याशिवाय पानात जात नाही. मी विचारले, "घरच्यांपैकी कोणाशी कोणाचं बोलणं झालंय?"

"ताई, मयत झालेल्या घरी फोन करून विचारू, गेले का म्हणून?" ती चिडली होती. "असं विचारतात काय? तुमच्या पेपरात विचारत असतील."

"सांत्वनाला करा. अण्णांच्या घरच्या काकी फोन घेतील."

तिच्याकडे त्यांच्या गावच्या घराचा एकच नंबर होता. तिने तो लावला. फोन काकींनी घेतला नाही.

"कोण? शुभांगी? काय गो, आज रविवार, मासे हाडलंस काय?"

शुभांगीने आवाज ओळखला. तिने फोन माझ्या हातात दिला. मी नाव सांगितले आणि आपण तुकाराम परबच का, असे विचारले.

"होय, मीच. तुम्ही कोण?"

"तुमच्या निधनाची बातमी चाळीच्या फळ्यावर लागली आहे."

पलीकडे त्यांनी कोंबड्यांना हाकलले. मग त्यांनी विचारले, "सभा कधी आसा?"

"आज संध्याकाळी."

"मगे माका आजच मारूक व्हया," अण्णा म्हणाले.

मी बातमीदारीत चुका पाहिल्या आहेत. चूक म्हणजे नाव चुकणे, आडनाव चुकणे, मजला चुकणे. इथे नाव बरोबर होते, टोपणनाव बरोबर होते, मजला बरोबर होता. फक्त माणूस जिवंत होता. फळ्याची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात सभ्य रीत कोणीतरी उचलली आणि तिचा डस्टर केला.

भोईवाडा, रविवार दुपार

आम्ही परतलो तेव्हा फळ्यापुढे लोक उभे होते. शुभांगीने डस्टर उचलला तशी तळमजल्यावरच्या एका आजींनी तिचा हात धरला.

"मयत पुसू नये गो, लिहिलेली. अपशकुन असतो."

"आजी, अण्णा जिवंत आहेत. मी आत्ता बोलले."

"बोर्डावर लिहिलंय ना पण."

शुभांगीने व्हिडिओ कॉल लावून फोन फिरवला. अण्णा बनियनवर, मागे सुपारीची झाडे. लोक वाकून पाहू लागले. एक गृहस्थ म्हणाले, "हा जुना व्हिडिओ असेल. आजकाल काय पण बनवतात."

"शिरा पडो तुझ्या तोंडार!" फोनमधून आवाज आला. "रम्या, तू माका जुनो म्हणतंस?"

रमेश नावाचे ते गृहस्थ मागे सरले. आजींनी हात सोडला. फळा पुसला गेला.

मोहनराव समितीच्या खोलीत होते. मी विचारले की बातमी कोणी लिहिली.

"मी लिहिली. माणुसकी म्हणून. गावाहून फोन आला."

"कोणाचा?"

"आता ते कुठे लक्षात राहतं? गडबडीचा दिवस."

"उलट फोन करून खात्री केलीत?"

"मॅडम, मयताची खात्री करतात का? काय बोलताय तुम्ही." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "पेपर कुठला तुमचा?"

"पेपर नाही. एम.ए.चा प्रबंध आहे."

ते हसले. "मग कॉलेजात लिहा ना. इथे का लोचा करताय?"

शुभांगीने फळ्यावर सभेची सूचना पुन्हा लिहिली आणि फोटो पाठवला. विरारहून निरोप आला की सभा नाही म्हणून बाहेरगावी आलो, आता निघालो तरी पोहोचणार नाही. बदलापूरहून आला की मुलाला क्लासला सोडून झाले, आज राहू दे. डोंबिवलीची नणंद म्हणाली, "एकदा मयत, एकदा सभा, नक्की काय ते ठरवा ना रे." समितीने ग्रुपवर काहीच टाकले नाही. मात्र सभा ठरल्या वेळी झाली, पटांगणात नव्हे तर समितीच्या खोलीत.

मी चाळीची नसल्याने मला बाहेर थांबवले. पुढचे शुभांगीच्या आणि आत असलेल्या आणखी एका रहिवाशाच्या सांगण्यावरून. दोघांचे वर्णन जुळते. करारनाम्याची प्रत दाखवण्यात आली नाही. शुभांगीने हरकत घेतली. ती लिहून घ्या म्हणाली, तर पेन कोणाकडेच नव्हते. ठराव बहुमताने मंजूर झाल्याचे जाहीर झाले आणि पेढे वाटण्यात आले. अण्णा परब यांच्या निधनामुळे सर्व कार्यक्रम रद्द असल्याचे सकाळी जाहीर करणाऱ्यांनीच ते आणले होते.

भोईवाडा, सोमवार आणि मंगळवार

सोमवारी शुभांगीने कामाला जाण्याआधी फळ्यावर लिहिले: "खुलासा. श्री. तुकाराम परब हयात आहेत. त्यांच्या निधनाची बातमी समितीच्या सेक्रेटरींनी लिहिली होती. त्या बातमीमुळे अनेक रहिवासी रविवारच्या सभेला येऊ शकले नाहीत." तिने कोणतेही विशेषण वापरले नाही. डेस्कवर असते तर मी हा मजकूर एक शब्दही न बदलता सोडला असता.

मंगळवारी सकाळी फळा जागेवर नव्हता. रंगकामासाठी काढला, असे समितीने सांगितले. भिंतीच्या रंगाला तेव्हाही कोणी हात लावला नव्हता आणि मी निघेपर्यंतही नाही.

त्याच सकाळी अण्णा परब गावाहून पोहोचले. हातात कोकमाच्या सोलांची पिशवी, पायात नवी चप्पल. जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला ते स्वतःची ओळख करून देत होते. "मी तुकाराम. मेलेलो." आजींनी त्यांना दारातच थांबवून भाकरतुकडा ओवाळून टाकला. अण्णांनी ते पुरते होऊ दिले, मग म्हणाले, "आजये, झाला मा? आता सही कर." पुन्हा सभा घ्यावी अशा मागणीचा अर्ज ते सह्यांसाठी घरोघर फिरवत होते. ज्या दाराला कुलूप होते त्या बिऱ्हाडाला ते जिन्यातूनच फोन लावत आणि पहिले वाक्य तेच म्हणत.

शुभांगीच्या घरी त्या दिवशी बांगड्याचे तिखले झाले. अण्णांनी दोनदा वाढून घेतले.

सांगली

प्रबंधाचे भोईवाड्यावरचे प्रकरण मी मार्गदर्शक सरांकडे दिले. चार दिवसांनी त्यांनी बोलावले. दरम्यान समितीने विभागाकडे माझी तक्रार केली होती.

"हे प्रकरण काढा," सर म्हणाले.

"यात चुकीचं काय आहे, सर?"

"फोन तुम्ही करायला लावलात. संशोधकाने निरीक्षण करायचं असतं. तुम्ही घटना बदललीत."

"घटना खोटी होती."

"असेल. पण तो तुमचा डेटा होता."

"फोन केला नसता, तर प्रबंधात ते निधन खरं म्हणून गेलं असतं."

"गेलं असतं तर तळटीप देता आली असती." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. "त्याऐवजी एक प्रश्नावली घ्या. गिरगावचं तुमचं छान झालंय, ते सुविचारांचं. ते वाढवा."

पत्रकारितेच्या पहिल्याच तासाला याच विभागात याच सरांनी फळ्यावर लिहिले होते की खात्री केल्याशिवाय बातमी नाही. आम्ही ते उतरवून घेतले, परीक्षेत लिहिले आणि त्याचे गुण मिळवले. ज्या सकाळी ते वापरण्याची वेळ आली, त्या सकाळी ते वापरणे हा संशोधनातला दोष ठरला. डेस्कवर जो फोन करत नाही त्याला मेमो मिळतो. विभागात जो करतो त्याला. मोहनराव म्हणाले होते, मयताची खात्री करतात का. सरांचे म्हणणे शब्दांनी वेगळे आहे, अर्थाने नाही.

मी प्रकरण काढलेले नाही. सरांची सही झालेली नाही. सहीशिवाय प्रबंध दाखल करून घेत नाहीत. विभागप्रमुखांकडे मी लेखी दाद मागितली आहे आणि त्यांनी बघतो असे सांगितले आहे.

भोईवाड्यात दुसरी सभा या रविवारी झाली. फळा तोवर लागलेला नव्हता. सभेचे बोलावणे अण्णांनी दारोदार आणि फोनवर तोंडी दिले. विरारहून, डोंबिवलीहून, बदलापूरहून लोक आले. पटांगणात जागा उरली नाही, काही जण गॅलरीत उभे राहिले. पहिल्या सभेतला ठराव रद्द करावा, यासाठी हात वर झाले. मोहनरावांनी मोजणीला हरकत घेतली. मोजणी पुन्हा झाली. ठराव रद्द झाला. त्यानंतर करारनामा सर्वांपुढे मोठ्याने वाचावा, अशी मागणी झाली. प्रत घरी राहिली, असे मोहनराव म्हणाले. ती येईपर्यंत कोणी उठायचे नाही, असे ठरले.

हे सर्व मला शुभांगीने फोनवरून तुकड्यातुकड्याने कळवले. तिचा शेवटचा संदेश रात्रीच्या जेवणाच्या वेळेला आला. प्रत आलेली नव्हती. लोक बसून होते. अण्णांनी वरून चटई मागवली होती.